बिनपट्ट्यांचा सिंथेसायझर

आधीच सांगून ठेवतो, माझं चुकलेलं नाही. हे वाचून तुमचं मत बदललं तर बदलू दे, माझं बदलणार नाही. सिंथेसायझर घ्यायचा तर पट्ट्यांचाच घ्यायचा, असं मी त्या दिवशी दुकानात म्हणालो होतो आणि सासरेबुवांच्या वाढदिवसाला जे काही झालं त्यानंतरही तेच म्हणतोय. (जरा हळू म्हणतोय, कारण सासरेबुवा पलीकडेच बसलेत. पण म्हणतोय.)

मुळात या वयात सिंथेसायझर कशाला, असं तुम्ही विचाराल. सगळ्यांनीच विचारलं. तर मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीत बसतो. नळाला पाणी आलं नाही की लोक माझ्यावर ओरडतात, आलं की गढूळ आलं म्हणून ओरडतात, आणि एकदा एक गृहस्थ पाणी फार जोरात येतं म्हणून ओरडून गेले. या सगळ्यावर मी एकच शब्द बोलतो, "बघतो." हा शब्द मला माझ्या आधीच्या कारकुनाने खुर्चीबरोबर दिला. तो म्हटला की पुढे काहीही करावं लागत नाही, आणि समोरच्यालाही ते कळतं.

घरी यावं तर तिथे प्रत्येकाचा आपापला आवाज. बायको शाळेत भूमिती शिकवते. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज ती संध्याकाळी शाळेत ठेवून येत नाही. सासरेबुवा आमच्याकडेच असतात. त्यांनी नोकरीभर कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा केला. आता निवृत्त झालेत, पण जेवताना मीठ मागितलं तरी मीठ आरोपी असल्यासारखं वाटतं. शिवाय मिक्सर, वॉशिंग मशीन आणि सासरेबुवांचा रेडिओ. या घरात आवाज नसलेल्या वस्तू दोनच होत्या. एक भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ आणि दुसरा मी.

म्हणून मी ठरवलं, आपलाही एक आवाज पाहिजे. बसमधून येताजाता वाद्यांचं एक दुकान दिसायचं, त्याच्या काचेत सिंथेसायझर मांडलेला असायचा. एका रविवारी मी बायकोला घेऊन तिथे गेलो. (तिला न्यायची गरज नव्हती हे आता कळतंय.)

दुकानदाराने केसांचा पोनीटेल बांधला होता आणि तो कोणाच्यातरी गिटारला तारा चढवत होता. त्याने एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन सिंथेसायझर समोर ठेवले. एकाला पेटीसारख्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या होत्या. दुसरा म्हणजे नुसता काळा चपटा डबा, पुढे बटणांची रांग. याला रॅकमाउंट म्हणतात, तो म्हणाला. आतलं सगळं सारखंच, फक्त हा फळीवर बसतो.

"पट्ट्याच नाहीत तर वाजवायचं कशावर?" मी विचारलं.

"घरात जुना कीबोर्ड असेल तर वायरने जोडायचा. बोटं तिकडे, आवाज इकडे."

इथे घात झाला. आमची मुलगी हॉस्टेलला जाताना तिचा लहानपणीचा कीबोर्ड पलंगाखाली सोडून गेली होती, आणि ते बायकोच्या लगेच लक्षात आलं. माझी बायको कधीही 'नको' म्हणत नाही. ती सिद्ध करते. पक्ष, घरात पट्ट्या आहेत. साध्य, आणखी पट्ट्या नकोत. सिद्धता तिने पर्समधली टेप काढून दिली. पट्ट्यांचा लांबीला किती, डब्याचा किती, आपल्या हॉलमध्ये भिंत मोकळी किती. शिवाय डबा स्वस्त. पोनीटेलवाला गिटार खाली ठेवून कौतुकाने ऐकत राहिला.

आणि तेव्हा, का कोण जाणे, माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, मला पट्ट्यांचाच पाहिजे. पट्ट्या आणि बटणं एकाच जागी पाहिजेत. आवाज कमीजास्त करायचं बटण माझ्या हाताखाली पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या नाही. हे मी इतक्या ठासून बोललो की दुकानातलं एक गिऱ्हाईक उगाचच सॉरी म्हणालं.

"घ्या तर मग," बायको म्हणाली आणि तिने टेप मिटली. ती इतक्या पटकन कधी माघार घेत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

घरी आल्यावर कळलं की तिचं माप बरोबर होतं. (तिचं माप नेहमी बरोबर असतं. मी याबद्दल कधी तक्रार केलेली नाही, कुठल्या खिडकीत करायची तेच माहीत नाही.) हॉलमध्ये सिंथेसायझर मावेल अशी एकही भिंत नव्हती. शेवटी तो मी गॅलरीच्या काचेच्या दारासमोर स्टँडवर आडवा ठेवला. गॅलरीत जायचं तर त्याच्याखालून वाकून जावं लागे. बायको वाळत घातलेले कपडे काढायला वाकून जाई आणि कपड्यांचा ढीग घेऊन तशीच वाकून परत येई. स्वातंत्र्याला थोडं वाकावंच लागतं, असं मी मनात म्हटलं. वाकत ती होती ही गोष्ट वेगळी.

आणि मग तो शनिवार आला. बायको शाळेत होती. सासरेबुवा सकाळी गॅलरीत पेपर वाचायला बसले तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो आणि सिंथेसायझर बाजूला सरकवलेला होता. बाहेर आलो, हॉल रिकामा दिसला, गॅलरीच्या कोपऱ्यातले सासरेबुवा काही दिसले नाहीत, म्हणून गॅलरीचं दार लोटलं, कडी लावली, सिंथेसायझर जागेवर आणला आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कानाला मोठे हेडफोन लावले. वाजवता वाजवता मान वर केली तर काचेपलीकडे सासरेबुवा. दोन्ही हात वर करून हलवत होते.

तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटेल? मला वाटलं, दाद देतायत. मी मान लववली. ते काचेवर थापा मारू लागले. मला वाटलं, ठेका धरला. मला इतकं भरून आलं की मी तीच ओळ पुन्हा वाजवली, आणि पुन्हा. ज्या आवाजाने एकेकाळी कोर्टाच्या आवाराबाहेर चहा पिणारे साक्षीदार धावत यायचे, तो आवाज त्यांनी माझ्यासाठी लावला होता आणि मी हेडफोनमध्ये डोळे मिटून डोलत होतो. बायको घरी आली तेव्हा खाली फाटकाशी बरीच माणसं वर बघत उभी होती आणि सासरेबुवा गॅलरीतून माझ्या नावाचा पुकारा करत होते.

सासरेबुवा चिडले की जास्त आदराने बोलतात. "जावईबापू," बायकोने कडी काढल्यावर ते वाकून आत येत म्हणाले, "आपलं झालं असेल तर मला जरा बाथरूमला जायचंय."

सोमवारी पोनीटेलवाल्याने पट्ट्यांचा सिंथेसायझर परत घेतला आणि डबा दिला. तो म्हणाला, बहुतेक नवरे आठवडाभरात येतातच. मी त्याला स्पष्ट सांगितलं की मी पटलं म्हणून आलेलो नाही, पाठवलं म्हणून आलोय.

डब्याला जागा बायकोने आधीच मापून ठेवली होती. स्वयंपाकघरात जुना ओव्हन असायचा ती फळी. डबा तिथे असा बसला की जणू सुताराने माप घेऊन केला होता. शेजारी स्पीकर. तिथून एक लांब वायर दाराच्या चौकटीवरून हॉलमध्ये आली आणि मुलीच्या कीबोर्डला लागली. म्हणजे आता बोटं माझी हॉलमध्ये, आणि आवाज स्वयंपाकघरात. आवाजाचं बटणही तिथेच. आणि त्या बटणापासून हातभर अंतरावर सासरेबुवांची खुर्ची.

मी वाजवायला बसलो की आवाज हळूहळू लहान होत जाई. मी हॉलमधून विचारत असे, कोणी कमी केला का? सासरेबुवा तिकडून अतिशय नम्रपणे सांगत, नाही हो, आपोआप होत असेल. मी उठून जाई, बटण वर फिरवी, परत येऊन बसेपर्यंत आवाज पुन्हा आपोआप झालेला असे.

शेवटी मीच विषय काढला. म्हणालो, एकदा काय ते ठरवू. बायकोने खडू हातात असल्यासारखी अट मांडली.

"बाबांच्या वाढदिवसाला त्यांच्या आवडीचं गाणं वाजवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता. जमलं तर डबा इथेच राहील, पुन्हा कोणी काही बोलणार नाही. नाही जमलं तर तो परत द्यायचा आणि हा विषय बंद."

मी म्हणालो, मंजूर. मला पुरतं माहीत होतं, डबा गेला की या घरात पुन्हा मी आणि ते बंद घड्याळ.

मग मी मान मोडून सराव केला. गाणं सासरेबुवांच्या तरुणपणातलं, साधंच, पण मधल्या कडव्यात एका वळणावर माझी अनामिका दर वेळी शेजारच्या पट्टीवर जाऊन बसायची. मी ऑफिसात खिडकीच्या फळीवरही बोटं चालवायचो. एका बाईंना वाटलं, मी त्यांच्या तक्रारीला कंटाळून बोटं वाजवतोय. त्या माझी तक्रार करायला कुठे जायचं म्हणून विचारू लागल्या. मी म्हणालो, बघतो.

वाढदिवसाला मेहुणी आणि साडू आले, वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. केक कापून झाला. साडूंनी, कोणी म्हटलेलं नसताना, एक गाणं म्हटलं. मग बायको माझ्याकडे बघून "हं" म्हणाली. मी कीबोर्डसमोर बसलो. आवाज मी दुपारीच तपासून ठेवला होता. सासरेबुवा उठले आणि पाणी पिऊन येतो म्हणून आत गेले.

मी पहिली पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. टक. मुलीच्या कीबोर्डच्या पट्ट्यांचा प्लास्टिकचा टकटक आवाज तेवढा येत होता, दुसरं काही नाही.

आता थांबलो असतो तर संपलं होतं. मध्ये न थांबता, ही अट होती. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्या बोटांकडे पाहत होती, पेपर तपासताना पाहते तशी. मला असा राग आला म्हणून सांगू. आयुष्यभर गप्प बसलो, आता एकदा बोलायला तोंड उघडलं तर कोणीतरी आवाजच नेला. म्हटलं, नाही येत ना आवाज, नको येऊ दे. मी थांबणार नाही. शेवटपर्यंत वाजवणार.

आणि वाजवलं. टक टक, टकटक. साडूंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, पण सगळे गंभीर बसलेत म्हटल्यावर आपल्यालाच काही कळत नसेल असं वाटून मान डोलवायला लागले. काकूंनी कानातलं यंत्र काढलं, त्यावर टिचकी मारली, परत घातलं, पुन्हा काढलं. मेहुणी गालाला हात लावून बसली. मधल्या कडव्यात अनामिका नेहमीप्रमाणे शेजारच्या पट्टीवर गेली आणि जगात कोणाला कळलं नाही. तिथून पुढे मी सुटलोच. दोन्ही हातांनी, खांदे हलवत, डोळे मिटून, असं वाजवलं की तसं मी त्याआधी कधी वाजवलं नव्हतं. शेवटची पट्टी दाबून मी हात वर उचलला आणि धरून ठेवला.

आधी काकूंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी.

बायको उठून उभी राहिली. ती माझी बायको आहे, पण त्याआधी भूमितीची बाई आहे. "थांबले नाहीत," तिने जाहीर केलं. "आवाज यायला हवा असं अटीत नव्हतं. डबा राहील." आणि जाता जाता माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. तेवढ्यासाठी मी ते गाणं पुन्हा तसंच वाजवलं असतं.

सासरेबुवा स्वयंपाकघरातून बाहेर आले. डोळे ओले होते, मी खोटं सांगणार नाही. म्हणाले, "जावईबापू, इतके दिवस तुम्ही वाजवता ते कुठलं गाणं, मला समजत नव्हतं. आज स्वच्छ ऐकू आलं."

निघताना मेहुणी दारात थांबली. "भाऊजी, पुढच्या महिन्यात यांचा वाढदिवस आहे. आमच्याकडे पण यायचं हं वाजवायला." मी तिथल्या तिथे हो म्हणालो. "मात्र पट्ट्या तेवढ्या आणा," ती म्हणाली. "तो डबा कशाला उगाच उचलून आणताय?"

मी डबा नेणार आहे. सगळ्यांसमोर सांगितलंय आणि मोठ्याने सांगितलंय. त्यांच्या हॉलमध्ये मध्यभागी ठेवणार, आवाज पूर्ण सोडणार आणि साडूंना पहिल्या रांगेत बसवणार. एवढं सांगून मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो, तर डब्यावर आवाजाच्या बटणाच्या जागी नुसती लोखंडी दांडी होती. बटण उपटून काढलेलं. बोटांनी फिरवून पाहिली, पक्कड लावून पाहिली, दांडी जागची हलली नाही.

बटण सासरेबुवांच्या सदऱ्याच्या खिशात आहे, चष्म्याच्या शेजारी. वरून चक्क दिसतंय. मी आत्ताच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि शक्य तितक्या कडक आवाजात म्हणालो, माझं बटण मला परत पाहिजे.

सासरेबुवांनी पेपर खाली केला, खिसा चाचपला आणि म्हणाले, "बघतो."