राघोचा कान आणि टाकीचं टोपण

राघोच्या कानावर दिघाशी गावाचा फार विश्वास होता. राघोचा तर गावापेक्षाही जास्त.

विश्वास उगाच नव्हता. चोवीस वर्षं राघो भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर. अठ्ठेचाळीस लूम एकदम खडखडत असताना तो दारात चप्पल काढता काढता सांगायचा, "तिसऱ्या रांगेत पाचवा. धोटा मार खातोय." जाऊन बघावं तर खरंच. त्या गदारोळात माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून गप्पा मारत. पण मशीनचं दुखणं राघोला बरोबर कळायचं. पुढे शेठने लूम भंगारात काढून त्या जागी गोडाऊन बांधलं आणि राघो हा कान घेऊन घरी बसला.

कान घरी बसवून ठेवण्यात काय अर्थ? म्हणून त्याने जुनी डिझेल पिकअप घ्यायचं ठरवलं. त्यासाठी गोदूच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, दोन दुभत्या म्हशी गेल्या. म्हशी दावणीतून निघाल्या तेव्हा गोदू रडली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "गाडी बसली तर तिला चारा दाखवून उठवता येत न्हाय, येवढं ध्यानात ठेवा."

"गाडी बसायच्या आधी मला आवाजावरनं कळंल," राघो म्हणाला. "गॅरेजवाल्याचा हात लागू द्यायचो न्हाय मी तिला."

काम मिळालं भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनचं. ठाण्याच्या कारखान्यातून सकाळी माल भरायचा आणि खाडीवरच्या कशेळीच्या पुलावरून अकराच्या आत वळ गावी आणायचा. सोमवार ते शनिवार सहा दिवस गाडी बघणार. तीनदा उशीर झाला की छुट्टी, नाही झाला तर गाडी कायमची लागली. हे सगळं त्याला मेघाली मॅडमनी समजावलं. मॅडम गोडाऊनच्या सुपरवायझर, वयाने राघोच्या मुलीएवढ्या, पण हातातल्या टॅबवर बोट ठेवून बोलायला लागल्या की मोठमोठे ड्रायव्हर श्वास रोखून ऐकत.

रविवारी राघोने गाडी सजवली. नवीन वायपर, पुढे लिंबू-मिरची, मागे 'आक्काची कृपा'. आक्का म्हणजे राघोची आई. सगळं गाव तिला आक्काच म्हणतं. शेवटी राघो डिझेलच्या टाकीकडे वळला. गोडाऊनच्या रांगेत उभ्या गाड्यांमधलं डिझेल चोरतात, असं त्याच्या कानावर आलं होतं. टाकीच्या टोपणाला कुलूप होतं, पण उलटं करून बघितलं तर आत टाचणीएवढं भोक. राघोला गाडी बनवणाऱ्यांची कीव आली. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनीअर, आणि टोपण भोकाचं! त्याने कपड्यांचा साबण मळून भोकात ठासला, वर सायकलच्या ट्यूबचं वेटोळं बसवलं आणि टाकी गळ्यापर्यंत भरून टोपण पिळून बंद केलं. आता मुंगी आत जाणार नाही की वास बाहेर येणार नाही.

हे टोपण तुम्ही लक्षात ठेवा. राघो विसरला.

सोमवारी परतीच्या वाटेवर कशेळीच्या पुलावर एका दिव्याच्या खांबापाशी गाडीने दम सोडला. आधी धडधडली, मग थरथरली, मग गप्प झाली. मागे ट्रक, टेम्पो, रिक्षा आणि त्यांचे हॉर्न. राघो शांतपणे उतरला. त्याने बॉनेट उघडलं, लांब पेचकस काढला, त्याचं टोक डिझेलच्या पंपाला लावलं, दांडा कानाला लावला आणि मागच्या ट्रकवाल्याला हाताने थांबायची खूण केली. ट्रकवाला थांबलेलाच होता, त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"पंपातली गोळी अडकतेय," राघोने निदान केलं आणि पेचकसाच्या मुठीने पंपाला तीन टिचक्या मारल्या. मग खात्री करावी म्हणून टाकीचं टोपण उघडून काठीने डिझेल मोजलं. डिझेल भरपूर होतं. टोपण लावलं, चावी फिरवली, आणि गाडी गुपचूप सुरू झाली.

"टिचकी कुठं मारायची ते कळाय पायजे," तो घरी सांगत होता. पण वळला पोचायला अकरा वीस झाले होते. मॅडमनी टॅबवर एक लाल खूण केली होती, ती त्याने घरी सांगितली नाही.

मंगळवारी गोदूचा भाऊ मनोज बरोबर आला. मनोजच्या स्वतःच्या दोन पिकअप असल्यामुळे त्याला सगळं कळत असे. ठाण्याला पोचेपर्यंत तो मान वाकडी करून ऐकत होता.

"भावजी, मागनं शीळ वाजते."

"शीळ? कुठली शीळ? धडधड वाजते ती. पंपाची."

"शीळच हाय. डिझेलात पाणी आसंल." मनोजने खिशातून एक बाटली काढली आणि ठाण्यात माल भरला जात होता तोवर टोपण उघडून अख्खी टाकीत ओतली. "हे औषध हाय. बघा आता."

गाडी वळला पावणेअकराला पोचली. मनोजने त्या दिवशी चार जणांना फोन करून औषधाचं नाव सांगितलं. राघोच्या मते मात्र गुण कालच्या टिचक्यांचा होता, तो उशिरा लागू पडला एवढंच.

बुधवारी ना टिचकी ना औषध. कशेळीच्या पुलावर गाडी पुन्हा तिथेच, त्याच दिव्याच्या खांबापाशी बसली. या वेळी राघोने पेचकस पंपाला लावला, नळीला लावला, गिअरबॉक्सला लावला. शेवटी रागाने खांबालाही लावून बघितला. पुलाखालच्या गॅरेजातला उस्ताद आपणहून वर आला. राघोचा गॅरेजवाल्यांना हात लावू न देण्याचा बाणा इथे संपला.

"चाचा, लाइन में हवा है," उस्ताद म्हणाला. "और पीछे से सीटी की आवाज आ रही है."

"सीटी नहीं, धडधड," राघो म्हणाला.

"आप को धडधड आती है, हम को सीटी आती है. दोनों का इलाज कर देते हैं." उस्तादने फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, टाकीत तळाशी गाळ आहे का ते टोपण उघडून बॅटरीने बघितलं. गाडी सुरू. उस्ताद मिशीला पीळ देत खाली उतरला. वळला पोचायला पावणेबारा. दुसरी लाल खूण.

गुरुवारी ठाण्यात डिझेल भरलं, गाडी सुरळीत आली. राघोने मनातल्या मनात उस्तादचे पाय धरले. पण शुक्रवारी निघताना आक्का काठी टेकत गाडीपाशी आली. आदल्या संध्याकाळी राघोने तिला हौसेने गावातून फिरवून आणलं होतं.

"राघ्या, गाडी रडते रं तुझी. बारीक आवाजात. लेकरू मुसमुसतं तशी."

"धडधडते, आक्का."

"मला शिकवू नको. नजर लागलीय तिला. कुठं बसते ती?"

"कशेळीच्या पुलावर."

"मंग चल. जिथं लागली तिथंच उतरवाय लागंल."

आईला कोण नाही म्हणणार? ठाण्याहून माल भरून येताना आक्काने खांब येताच गाडी कडेला घ्यायला लावली. मीठ, मोहरी, सात सुक्या मिरच्या मुठीत घेऊन ती खाली उतरली आणि गाडीभोवती एक फेरी मारून थांबली.

"हिचं तोंड कुठाय?"

"तोंड?"

"दृष्ट काढताना तोंड उघडं पायजे. त्याबिगर आतली पीडा भायेर कशी यील? जिथनं खाते तिथलं उघड."

राघोने कपाळावर हात मारला आणि टोपण उघडलं. मागे रांग लागली होती. एक टँकरवाला शिव्या द्यायला उतरला, पण मिरच्या बघून हात जोडून उभा राहिला. "आल्यागेल्याची, ट्रकवाल्याची, टेम्पोवाल्याची, इडापिडा टळो," म्हणत आक्काने मूठ तीनदा ओवाळून खाडीत टाकली. मग टोपणाकडे बोट दाखवून म्हणाली, "गेली बघ. सुस्कारा टाकला तिनं."

"कुणी?"

"गाडीनं. ऐकलं न्हाय?"

राघोला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो म्हणाला, "हॉर्न वाजतायत किती." गाडी वळला दहा चाळीसला पोचली.

दुपारी आक्काला घरी सोडून राघो पारावर गेला आणि संध्याकाळी घरी येऊन बघतो तर अंगणात रांग! दोन मोटारसायकली, एक रिक्षा, एक ट्रॅक्टर आणि सगळ्यांच्या मागे मनोजची पिकअप. आक्का खाटेवर बसून मीठ-मोहरीच्या पुड्या बांधत होती. ट्रॅक्टरवाल्याला ती विचारत होती, "कुठं बसतो त्यो? न्हाय, मी शेतात येणार न्हाय, माझं गुडघं दुखतात. तोंड उघडं ठेवून त्यालाच इकडं आण."

राघोला ते फार लागलं. चोवीस वर्षांचा कान एका बाजूला आणि मूठभर मोहरी दुसऱ्या बाजूला, आणि सगळं गाव मोहरीच्या बाजूला. तो रात्रभर कूस बदलत राहिला.

"आज टोपणाला कुणी हात लावायचा न्हाय," शनिवारी सकाळी त्याने जाहीर केलं. "औषध न्हाय, मोहरी न्हाय. निस्ता कान."

"मी येते," गोदू म्हणाली.

"तू कशाला?"

"माझ्या दोन म्हशी हायत त्या गाडीत. शेवटच्या दिशी त्यांचं काय हुतं ते मला बघायचंय."

आणि गाडी बसली. तोच पूल, तोच खांब. दहा वाजून पंचवीस मिनिटं. राघो पेचकस घेऊन उतरला. तिसरी लाल खूण झाली की गाडी विकावी लागणार, आणि विकलेल्या म्हशी काही परत येत नाहीत, हे त्याला पंपाच्या आवाजापेक्षा स्पष्ट ऐकू येत होतं. तो वाकून ऐकत राहिला. गोदू मागून हाका मारत होती. एक, दोन, चार. शेवटी तिने येऊन त्याच्या खांद्याला धरून त्याला फिरवलं.

"अवो, शीळ मागनं येत व्हती. गाडी बंद पडस्तवर. टाकीपासनं."

"मला न्हाय आली."

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की काय हुतं?"

"हे काय आता? तेलाचा डबा कुठनं आला?"

"तेल गुळगुळतं, मंग अडतं. वारा आत जायाला दुसरं भोक पाडाय लागतं. तुमच्या टाकीला वारा कुठनं जातो? रात्रभर उभी असती तवा फटीतनं शिरत असंल, पर चालताना पुरत न्हाय, म्हणून शीळ."

गोदूने राघोच्या हातातून चावी घेतली आणि टोपण फिरवलं.

"ऐकलं?"

"काय?"

"फुस्स केलं की येवढं! पुलावरच्या माणसांनी वळून बघितलं."

राघोने वळून बघितलं. खरंच, रिक्षातली दोन माणसं टाकीकडे बघत होती. त्याच्या कानात शेजारून चाललेल्या बसची घरघर होती, ट्रकचा हॉर्न होता. फुस्स नव्हतं. मनोजची शीळ, उस्तादची सीटी, आक्काचं मुसमुसणारं लेकरू, सगळं त्याला एकदम आठवलं. तो लहान तोंड करून म्हणाला, "गोदू, मला बारीक आवाज येत न्हाय गं. लूमनं कान खाल्ला वाटतं. ओठ दिसलं तरच बोलणं कळतं."

गोदू टोपण हातात घेऊन त्याच्याकडे वळली.

"म्हंजे वीस वर्सं मी चुलीपासनं हाका मारते, तुमी ओ देत न्हाय, ते..."

"ऐकूच येत नसंल."

"आणि मला वाटायचं माज हाय," गोदू म्हणाली. तिला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मग तिने केसातली पिन काढली आणि टोपणातला साबण कोरून काढला. राघोने सायकलच्या ट्यूबचं वेटोळं स्वतःच्या हाताने खाडीत फेकलं. गाडी सुरू झाली ती वळपर्यंत एकदाही कुरकुरली नाही.

फाटकात शिरले तेव्हा अकराला चार मिनिटं होती. मेघाली मॅडम टॅब घेऊन उभ्याच होत्या. राघोने त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. तो पाठ फिरवून मालावरची दोरी सोडायला लागला.

"काका," मॅडम मागून म्हणाल्या, "सोमवारपासून गाडी कायम. पेपर ऑफिसातून घेऊन जा."

राघो दोरी सोडत राहिला. मॅडमनी जरा वाट बघितली आणि गोदूकडे बघितलं. गोदूने हात जोडून मान हलवली, तशा त्या हसून आत गेल्या. पेपर गोदूनेच आणले आणि कमरेला खोचले.

माल उतरला. गाडी दिघाशीच्या रस्त्याला लागली. मॅडम गोदूशी बोलून आत गेल्या एवढंच राघोला दिसलं होतं, त्यामुळे त्याचा चेहरा पार उतरला होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम काय बोलल्या गं?"

गोदूने खिडकीतून बाहेर बघितलं. वीस वर्षं चुलीपासून मारलेल्या सगळ्या हाका तिने एकदा मनातल्या मनात मोजल्या. मग तिने पदर ओठांवर घेतला आणि अगदी खरं खरं, पण बारीक आवाजात सांगितलं.

"काय?" राघो म्हणाला.

गोदूने पुन्हा सांगितलं. दिघाशीच्या फाट्यापर्यंत त्याने अकरा वेळा विचारलं आणि तिने अकरा वेळा सांगितलं. पदर मात्र तिने फाटा आल्यावरच खाली घेतला.