मोठ्या बाजाची ग्रेड

"मोठा बाजा पाह्यजे. तो, ज्याचं तोंड डोक्याच्या वर असते तो," नेमसिंगभाऊनं जमीर बँडवाल्याला बजावलं. "वाजला नाही तरी चालन, पण दिसला पाह्यजे. नाही तं सुपारी रद्द."

त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसाला भाव नव्हता, कापसावरच्या भाषणाला होता. लोकांनी लग्नं पुढं ढकलली होती. ज्यांना ढकलता आली नाहीत त्यांनी टेपवर कॅसेट लावून वरात काढली होती. बोरी अरबच्या जमीरच्या बँडला अख्ख्या हंगामात एवढी एकच सुपारी आली, आणि तीही लग्नाची नव्हती. शेतकऱ्यांचे हाल बघायला एक मोठे साहेब येणार होते आणि हालांच्या दारात त्यांचं वाजतगाजत स्वागत व्हायचं होतं. नेमसिंगभाऊ हा साहेबांच्या पक्षाचा गावातला कार्यकर्ता. शेजारच्या गावात साहेबांपुढे मोठा बाजा वाजला होता, ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. जमीरचं असं होतं की ही सुपारी गेली तर बँड मोडायचा, लाल डगले विकायचे आणि पंक्चरचं दुकान टाकायचं.

मोठा बाजा म्हणजे सुसाफोन. बैलाच्या मानेवर जू ठेवावं तसा माणसाच्या गळ्यात अडकवायचा पितळी बाजा; तोंड परातीएवढं, आवाज रेड्याचा. असा बाजा पंचक्रोशीत एकाच घरी होता, सदाशिवरावांच्या. त्यांच्या वडिलांनी तो कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या लिलावात हौसेनं घेतला आणि घरी आणल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपल्या घराण्यात वाजवणारा कोणीच नाही.

जमीर आपल्या मामाला, सरदारला, सोबत घेऊन निघाला. सरदारनं तीस वर्षं बाजे फुंकले होते.

"तू तोंड उघडू नको," सरदारनं वाटेतच सांगितलं. "माल सोन्याचा असला तरी नाक मुरडायचं. खोट काढली का भाव उतरते. मी हे कापसाच्या ग्रेडरपासून शिकलो."

"मामू, पण घ्यायचा तं आहेच ना?"

"म्हणूनच सांगून राह्यलो, चूप बस."

सदाशिवरावांनी गोठ्यातून बाजा ओढून आणला. त्यातून एक कोंबडी ओरडत बाहेर पडली.

"थांबा जी," त्यांची बायको बेबीताई धावत आली. "आधी अंडं काढू द्या. हा बाजा विकत असान तं विका बावा. माह्यी कोंबडी दुसरीकडं बसतच नाही."

अंडं निघालं आणि तपासणी सुरू झाली. सरदारनं बाजाला बोटानं टिचकी मारली आणि कोणी वारल्यासारखी मान हलवली. तीन खटके दाबून पाहिले. दोन वर आले, तिसरा खालीच राहिला. मग त्यानं बिडी पेटवली आणि धूर नळीत फुंकला. धूर तीन ठिकाणांहून निघाला. त्यातली एकच जागा बरोबर होती.

"सदाशिवभाऊ, हे काय आहे?"

"पोचा आहे."

"आणि हे?"

"तोही पोचाच."

"हा बाजा नाही भाऊ, ही पोच्यांची माळ आहे. खटका मेलेला, नळी फुटकी, पितळ काळं." सरदारनं नाक आत घालून वास घेतला आणि शेवटचा घाव घातला, "आणि आत ओलावा आहे."

ओलावा म्हटल्याबरोबर सदाशिवरावांचा चेहरा उतरला. कापूस केंद्रावर हा शब्द ऐकून ऐकून त्यांच्या गाडीतला एकनंबरी कापूस तीननंबरी झाला होता. केंद्रावर शेतकऱ्याला दुसरं काही शिकवत नाहीत. समोरचा जी खोट सांगेल तिला मान हलवायची, एवढंच शिकवतात. सदाशिवरावांनीही मान हलवली.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "असा हलका माल गरिबाच्या गळ्यात नाही बांधत मी. मले त्या खोटं बियाणं विकणाऱ्या लोकायसारखं नाही व्हायचं. उद्या मोडीत टाकतो."

"मोडीत?" जमीर ओरडला आणि त्यानं मामाला असा चिमटा काढला, की सरदारची बिडी पडली.

"अरे, तसं नाही म्हटलं मी!" सरदार गडबडला. "पोचा म्हणजे... आवाजाले बसायले जागा लागते ना भाऊ!"

"आणि खटका मेला म्हणता तो?"

"मेला नाही, झोपला आहे. जुन्या कारागिराचा खटका असाच. नवे नुसते खटखट करतात."

"मग धूर काहून निघते?"

"श्वास घेऊन राह्यला तो! जिवंत बाजा आहे!"

"आणि ओलावा?"

"ओलावा नसला तं सूर चिरते, भाऊ."

हे पटवायला सरदारनं बाजा गळ्यात अडकवला आणि छातीत होती नव्हती ती हवा आत सोडली. आधी कोंबडीची पिसं उडाली. मग जमिनीच्या पोटातून यावा तसा आवाज आला. गोठ्यातल्या बैलांनी रवंथ थांबवलं. खुद्द सरदारच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मात्र खरं होतं.

"आरं बाप्पा!" सदाशिवराव उभेच राहिले. "एवढी भारी वस्तू आणली होती माह्या बुढ्यानं?"

"लाखात एक, भाऊ!"

"मग तं मुळीच विकत नाही."

सरदार बाजासकट खाली बसला. जमीरनं कपाळाला हात लावला. बेबीताईनं चहाच्या कपबशा आणल्या आणि एकटीनंच कामाचा प्रश्न विचारला, "पण जमीरभाऊ, या दिवसांत तुमी हा वाजवान कुठी? लग्न तं कोणाच्याच घरी नाही."

"साहेब येऊन राह्यले ना, भाभी. त्यायच्या स्वागताले."

सदाशिवरावांचा कप ओठांपाशी थांबला. "काय पाहाले येऊन राह्यले?"

"आपली परिस्थिती."

सदाशिवरावांनी न पिताच कप खाली ठेवला. मग ते म्हणाले, "घेऊन जा. एक पैसाही देऊ नका. पण बाजा माह्या गळ्यात राहीन."

"तुमाले वाजवता येते काय?"

"नाही येत."

जमीरनं मामाकडं पाहिलं. नेमसिंगभाऊला बाजा दिसायलाच हवा होता. "ठीक आहे," जमीर म्हणाला, "पण भाऊ, हात जोडतो, फुंकू नका. नुसतं उभं राहा. माह्यं पोट आहे त्याच्यावर."

सदाशिवरावांनी मान हलवली.

साहेब आले, हार पडले, बँड वाजला. लाल डगल्याची दोन बटणं न लागलेले सदाशिवराव गुमान उभे होते. साहेबांनी माईक धरला.

"मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे."

"भोंऽऽऽ!"

जमीरच्या हातातलं क्लॅरिनेट गळालं. साहेबांनी चमकून पाहिलं. लाल डगला आणि भलंमोठं पितळी तोंड दिसलं, तसे त्यांनी हसून हात जोडले.

"तुमचं दुःख ते माझं दुःख."

"भोंऽऽऽ!"

पुन्हा हात जोडले गेले. मंडपात बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या, म्हातारे मांड्यांवर थापा मारू लागले. एवढी खूश सभा साहेबांनी वर्षभरात पाहिली नव्हती. त्यांनी भाषण लांबवलं. भावाचं वचन, भोंऽऽ. विजेचं वचन, भोंऽऽ. जमीर डगल्याला लोंबकळून म्हणत होता, "भाऊ, मेलो मी, बस करा!" पण सदाशिवरावांचे गाल आता ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

भाषण संपताच नेमसिंगभाऊ मंचावरून उडी मारून आला. जमीरनं मुकाट्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"जमीर!" नेमसिंगभाऊ धापा टाकत म्हणाला. "साहेब लय खूश आहेत लेका! म्हणतात, वाक्यावाक्याले सलामी देणारा बँड उभ्या महाराष्ट्रात नाही पाह्यला. पुढच्या महिन्यात पुन्हा दौरा करतो म्हणतात. सुपारी आताच घे. हाच बँड, हाच बाजा, हाच माणूस!"

जमीर मामाच्या गळ्यात पडला. पोरांनी ढोल बडवायला सुरुवात केली.

सदाशिवरावांनी सुजलेल्या ओठांवरून नळी बाजूला केली आणि बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे हा साहेब आता माह्यामुळं पुन्हा येते?"