ओवेन गॅव्हिगनची तब्येत

विहिरीचा तुकडा आमचाच आहे, हे मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं होतं की पुराव्याची गरज मला कधी वाटलीच नव्हती. गरज पडली ती सोर्खामुळे. ही माझी एकुलती एक मुलगी. तिला आमच्या मागच्या शेतात घर बांधायचं होतं आणि तिथे जायचा रस्ता नेमका त्या तुकड्यातून निघत होता. तुकडा शेजारच्या फिन्टन गॅव्हिगनच्या ताब्यात. रस्ता नाही तर घराला परवानगी नाही, आणि घर नाही तर ऑस्ट्रेलिया, असं तिने सरळ सांगून टाकलं होतं. तिच्या नवऱ्याला तिकडे नोकरी तयारच होती.

"बाबा, फिन्टनकाकांना एकदा विचारून तर बघ," ती म्हणाली.

"आपल्याच जमिनीसाठी मी त्याच्यापुढे हात पसरू?"

गॅव्हिगन मंडळींशी आमचं जुनंच आहे. त्यांचा कुणी एक ओवेन जन्मभर आमच्या घरी फुकट जेवला आणि वर आमची जमीनही गिळून बसला, ही गोष्ट आमच्याकडे रोजच्या प्रार्थनेइतक्याच नेमाने सांगितली जायची. तेव्हा मी तडक डब्लिन गाठलं. आमच्या भागाच्या जुन्या जमीनदाराची दप्तरं तिथे जपून ठेवलेली आहेत. अक्षर म्हणजे ओल्या मातीत कोंबडी नाचून गेलेली! पण दोन गोष्टी मला लागल्या. 'मथायस हॅनली', म्हणजे माझे खापरपणजोबा, आणि त्यांच्या नावाखाली 'विहिरीचा तुकडा'. आणखी काय वाचायचं? मी प्रती काढल्या आणि परतीच्या गाडीत झकास झोप काढली.

त्याच आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या जुन्या घराण्यांवर कार्यक्रम होता. मी स्वतःहून नाव दिलं. आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका डेव्हनीबाई यांना जुनी अक्षरं वाचता येतात, म्हणून कागद त्यांच्या हाती सोपवले आणि फिन्टनला आग्रहाने पहिल्या रांगेत बसवलं. अख्ख्या गावासमोर निकाल लागलेला बरा.

बाईंनी चष्मा लावला. मथायस हॅनलीला जमीन पट्ट्याने मिळाली होती, ती त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तीन जिवांवर. म्हणजे पट्ट्यात नावं घातलेल्या तिघांपैकी एक जरी जिवंत असला तरी जमीन आमच्याकडे, आणि खंडही वाढायचा नाही. तिघेही गेले की आम्ही रस्त्यावर. पहिले दोन जीव मथायसचे मुलगे. तिसरा, शेजारचं धडधाकट पोर म्हणून, ओवेन गॅव्हिगन.

हॉलमध्ये खसखस पिकली. मीही हसलो, कारण पुढचं मला माहीत नव्हतं.

पुढे जमीनदाराच्या कारभाऱ्याचे शेरे होते. एक मुलगा तापाने गेला. दुसरा तळ्यात बुडाला. मग उरला नुसता ओवेन. 'ओवेन गॅव्हिगन हॅनलीकडे जेवतो. तब्येत दुर्दैवाने उत्तम.' 'ओवेनला सर्दी. हॅनलीच्या घरी सगळे गुडघे टेकून प्रार्थनेत.' 'जत्रेत ओवेनवर कुणीतरी काठी उगारली. ती हॅनलीने आपल्या डोक्यावर घेतली.' लोक डोळे पुसत हसत होते. फिन्टन मात्र पुढे झुकून गंभीरपणे ऐकत होता.

मग बटाटे कुजले ती दुष्काळाची वर्षं आली आणि बाईंचा आवाज उतरला. एकेका घराच्या नावावर रेघ मारलेली होती. ओवेनच्या सख्ख्या भावांनाही घराबाहेर काढलं, कारण त्यांच्याकडे पट्टा नव्हता. ओवेन त्यांच्याबरोबर अमेरिकेला निघाला. तो एकदा तिकडे गेला की त्याच्या हयातीचा दाखला आम्हाला कोण देणार? शेवटचा शेरा बाईंनी सावकाश वाचला. 'हॅनलीच्या विनंतीवरून विहिरीचा तुकडा ओवेन गॅव्हिगनच्या नावे केला. ओवेन राहतो आहे.'

आता कुणीच हसलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचे भाऊ बोटीत बसून गेले आणि हा माणूस आमच्यासाठी इथे श्वास घेत राहिला. आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याचे घास मोजत बसलो होतो.

चहाच्या वेळी मी फिन्टनजवळ गेलो.

"फिन्टन, तुकडा तुझाच आहे."

"ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तू कधी विचारलंच नाहीस. पोरीला रस्ता हवाय ना? दिला."

मी त्याचा हात हातात घेतला. म्हटलं, "उद्याच कागद करू या."

"करू की. पण माझ्या जिवावर. मी आहे तोवर रस्ता तिचा. नंतरचं माझा बोस्टनचा पुतण्या बघेल."

हा पुतण्या वकील आहे.

सोर्खाच्या घराच्या भिंती आता खिडक्यांपर्यंत आल्यात. ऑस्ट्रेलियाचं नावही कुणी काढत नाही. फिन्टनने ऐंशी ओलांडली आहे. वर्षानुवर्षं शेकोटीजवळून न हलणारा हा गृहस्थ हल्ली धुराडं साफ करायला स्वतः छपरावर चढतो, आणि तेही मी अंगणात दिसलो की. परवा वरून म्हणाला, काय छान वारा सुटलाय. मी खाली शिडी धरून उभा होतो.