कोपरा कापलेलं जहाज

सासऱ्यांना पन्नास पैशांचं साधं पोस्टकार्ड पाठवायचं की जहाजाचं, एवढाच प्रश्न होता. मी जहाजाचं पाठवलं. पुढे जे घडलं त्यात जहाजाचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी जुन्या प्रवासी जहाजांची चित्रकार्डं जमवतो. आमच्या बोरी अरबहून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र निदान पाच-सहाशे किलोमीटर लांब. पण मी पाचवीपासून एम.एस्सी.पर्यंत चेन्नईला मामांकडे वाढलो आणि मामा बंदरात कारकून होते. हा नाद तिथला. शिक्षण झालं, चांगली नोकरी लागली, लग्न झालं, आणि मग ती नोकरी सोडून मी गावी परत आलो. तेही अख्खा जिल्हा कापसापायी कपाळाला हात लावून बसला होता त्या साली. मला कापूस सुधारायचा होता. (कापसाला याची कल्पना नव्हती.)

माझ्याकडे दोनशे चौदा जहाजं आहेत. आमची आई, तुळसाबाई, त्यांना 'बोटीचे फोटू' म्हणते. घरी आलेले पाहुणे लवकर उठत नसले की ती मला हाक मारते, "राजू, यायले तुया बोटी दाखव ना." मग ते उठतात.

माझे सासरे धर्मपाल गुरुजी म्हणजे मुकुटबनचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मुलगी दिली ती चेन्नईच्या नोकरदाराला. सहा महिन्यांत तोच जावई ढेकळं तुडवत हिंडताना पाहून त्यांनी चारचौघांत जाहीर केलं, "हा मानूस त्या घरात हाये तवर मी त्या घराची पायरी चढनार नाही." गुरुजी शब्दाचे पक्के. दीड वर्ष झालं. फोन केला की आमचा आवाज ऐकून खाली ठेवायचे.

मग आम्हाला मुलगी झाली, आणि माझी बायको प्रियंका बापाचीच मुलगी निघाली. "बाबा आल्याशिवाय पोरीचं नाव ठेवनार नाही," ती म्हणाली. पोर तीन महिन्यांची झाली तरी तिला नाव नाही. मी 'नौका' सुचवलं होतं. प्रियंकाने पोरीला उचलून माझ्यापासून लांब नेलं.

शेवटी नाव ठेवायला एक रविवार ठरवला आणि गुरुजींना कार्ड टाकायचं ठरलं. मी माझ्या जादा प्रतींतून एक सुरेख जहाज काढलं. चार धुराडी, गच्चीवर टोप्या हलवणारी माणसं. असं कार्ड पाहून कोणाचं मन मोठं होणार नाही? प्रियंकाने मागे लिहिलं, "बाबा, रविवारी सकाळी दहा वाजता या. या वेळी तरी नाही म्हणू नका. — प्रियंका."

"कशासाठी ते लिही ना," मी म्हणालो.

"कारन लिवलं की ते न येन्याचं कारन शोधतीन. राहू द्या."

मी कार्ड घेऊन पोस्टात गेलो. माझा एक नियम आहे. संग्रहातून बाहेर जाणाऱ्या कार्डाचा एक कोपरा मी कापतो. रद्द झालेल्या पासपोर्टचा कापतात ना, तसा. मी खिडकीशी दोरीने बांधलेली कात्री घेतली आणि उजवा कोपरा सफाईने उडवला. खिडकीमागच्या साजिदभाऊंचा हात शिक्क्यावरच थांबला.

"घरचंच हाये का, राजूभाऊ?"

"हो, सासऱ्यांना पाठवतोय."

"या अल्ला. लई वाईट झालं."

"वाईट कसलं? आनंदाची गोष्ट आहे!"

साजिदभाऊंनी खुर्ची वीतभर मागे सरकवली, कार्ड दोन बोटांत धरलं आणि शिक्का मारला. मला वाटलं, माणूस कामाने थकलाय.

रविवार उजाडला. दारात मांडव पडला, भोंगा आला, वांग्याची भाजी चुलीवर चढली. आमच्या बौद्ध वस्तीत मंगल कार्याला पांढरे कपडे घालायची रीत, त्यामुळे पन्नासेक माणसं पांढरीशुभ्र होऊन बसलेली. प्रियंकाही पांढऱ्या साडीत दारात उभी. पोर ओढते म्हणून मंगळसूत्र काढून ठेवलेलं. बापाच्या वाटेकडे डोळे लावून तिचे डोळे लाल झालेले. मी मागे न्हाणीत होतो. (हे सगळं तुम्ही गुरुजींच्या जागी बसून बघा.)

साडेनऊला मुकुटबनची जीप वळणावर आली आणि जीपमधून एकदम रडारड सुरू झाली. पुढे घनश्याम, प्रियंकाचा चुलतभाऊ, गाडी चालवत होता. मागे चार बाया पदर तोंडाला लावून. गुरुजी उतरले, त्यांनी मांडव पाहिला, पांढरी माणसं पाहिली, लेकीचा मोकळा गळा पाहिला आणि तिला मिठीच मारली.

"पोरी, मी आलो वं. तू घाबरू नको. तुया बाप जिता हाये."

प्रियंकाही रडायला लागली. ती आनंदाने. त्यामुळे गुरुजी आणखी रडले. मी ओल्या केसांनी, टॉवेल खांद्यावर टाकून, धावत आलो आणि त्यांच्या पायाशी वाकलो.

"बाबा, तुम्ही आलात! मला खात्री होती!"

जीपमधली एक बाई किंचाळली. गुरुजींनी मला वरून खाली पाहिलं, मग खालून वर.

"तुमी?"

"मीच."

"मंग गेलं कोन?"

"कुणीच नाही."

"कोनीच नाही?" गुरुजींच्या आवाजात मला थोडी निराशा जाणवली.

घनश्यामने खिशातून कार्ड काढून माझ्या आईच्या हातात दिलं. आईने कापलेला कोपरा पाहिला आणि कपाळ बडवलं. "अरे बयताडा, कोपरा कापलेलं कारड म्हंजे मयतीचा सांगावा! हे बी ठाव नाही तुले?"

"मला कुणी सांगितलंच नाही कधी."

"कोन सांगन? तू तर तिकडं इडल्या खाऊन राह्यलता!"

मी विषय बदलायचा म्हणून गुरुजींना म्हणालो, "ते जाऊ द्या. राग विसरून आलात हे महत्त्वाचं."

"राग कायले विसरतो? तुमी गेले म्हून आलो," गुरुजी म्हणाले, आणि जीपकडे वळले. "घनश्याम, गाडी फिरव. मी शबूद देल्ला हाये."

प्रियंकाने माझ्या आईच्या कडेवरची पोर उचलली आणि गुरुजींच्या हातांत ठेवली. पोरीने आजोबांचा चष्मा पकडला आणि खेचून काढला. गुरुजींना आता जीप दिसेना. त्यांना फक्त पोर दिसत होती, आणि तीही अगदी नाकाजवळ.

"नाव काय हिचं?" ते म्हणाले.

"तुमी ठेवान ते," प्रियंका म्हणाली.

"संघमित्रा," गुरुजी म्हणाले, आणि पोरीला घेऊन पायरी चढले.

"वा! संघमित्रा जहाजातूनच लंकेला गेली होती!" मी ओरडलो. कुणी लक्ष दिलं नाही. घनश्याम तेवढा मेहुण्याच्या नात्याने जवळ सरकला. "भाटवे, रस्ताभर तुमचीच गोठ चालू व्हती."

"काय म्हणत होते?"

"मानूस वाईट नवता म्हने. डोकं तेवढं नवतं."

बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं गेलं, आणि कुणीतरी गुरुजींच्या हातात माइक दिला. गुरुजी गोंधळले. त्यांची तयारी वेगळ्या भाषणाची होती. जीपमध्ये बसून लिहिलेला कागद खिशात होता. शिक्षक माणूस, लिहिलेलं वाया कसं घालवणार? त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली.

"राजदीप हा मोठ्या मनाचा तरुण होता. शिकून लोक गाव विसरतात. तो गावासाठी शिकला. बाजारात कापसाला कोणी विचारत नव्हतं तेव्हा तो शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसला. मी त्याला ओळखलं नाही, ही चूक माझी होती."

दीड वर्षात पहिल्यांदा कुणी माझ्याबद्दल असं बोलत होतं. मी आभार मानायला उठू लागलो, तर प्रियंकाने सदरा धरून खाली ओढलं.

"गुमान बसा. जिते असल्यावानी करू नका. बाबा चांगलं बोलून राह्यले."

मी बसलो. गुरुजी कागदाच्या तळाशी पोचले. "शेवटी आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..." इथे ते अडखळले. पण माणसं सवयीने उठली होती. आई उठली, प्रियंका उठली, भोंगेवालाही भोंगा बंद करून उठला.

मीही उठलो आणि मान खाली घातली. कार्यक्रम माझाच होता. एकट्याने बसून राहणं बरं दिसलं नसतं.