पाचवा भोंगा

"मुद्दा क्रमांक चार," असे म्हणून तात्यासाहेबांनी बॉयलर हाउसच्या फरशीवर खडूने एक वर्तुळ काढले आणि त्याच्या मधोमध ठिपका दिला. "हे औरंगाबाद. इकडे छावणी, इकडे विमानतळ आणि हा आपला कारखाना. आता मला सांग कय्युम, शत्रूच्या हातात अणुबॉम्ब आला, तर तो हे सगळं सोडून दुसरीकडे कशाला टाकील?"

कय्युमने बॉयलरच्या दाबाच्या काट्यावरची नजर न काढता बशीतला चहा ओढला.

"आपल्या कारखान्यावर? तात्यासाहेब, कापड रंगवतो आपन. दोन वर्षं झाली, मालेगावचा व्यापारी आपल्याकडं फिरकंना. बॉम्बवाला इतक्या लांबून कशाला येतोय?"

"थट्टा नको. तांत्रिक उत्तर दे."

"तांत्रिकच देतो. बॉम्बवर पत्ता तर टाकावा लागंल का नाय? इथं विद्यापीठाच्या नावाचं धा वर्षं झाली तरी ठरंना. पत्ता काय टाकतील ते?"

चहाचे ग्लास न्यायला आलेला गेटवरचा सोनाजी इतका हसला, की त्याच्या हातातले ग्लास एकमेकांवर वाजले. तात्यासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू खिशात ठेवला आणि हात झटकले.

सरहद्दीपलीकडच्या अणुबॉम्बचा धोका खरा की खोटा, हा खटला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या बॉयलर हाउसमध्ये पावसाळ्यापासून चालू होता. वर्तमानपत्रात एखादी बातमी आली, की सुनावणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तात्यासाहेबांची बाजू अशी, की धोका माणसाच्या मनात काय आहे यावरून मोजायचा नसतो, त्याच्या हातात काय आहे यावरून मोजायचा असतो. कय्युमचे म्हणणे याहून आखूड होते. "ज्याला खरंच फेकायचं आसतं, त्यो वर्षभर पेपरात सांगत बसत नाय."

तात्यासाहेब शासकीय तंत्रनिकेतनातले पदविकाधारक. बॉयलर, हवेचा दाब आणि पाणी ही कारखान्याची तिन्ही खाती त्यांच्या देखरेखीखाली होती. कोणतीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय ती आहे असे ते मानत नसत. कारखान्याचा वाफेचा भोंगा त्यांच्या कारकिर्दीत एकदाही पुढेमागे झाला नव्हता. मुकुंदवाडीतल्या बायका त्या भोंग्यावर चुलीवर तवा ठेवीत. कय्युम त्यांच्या हाताखाली बॉयलर सांभाळून केस पिकवून बसला होता. येत्या दिवाळीला तात्यासाहेब निवृत्त होणार आणि त्यांची खुर्ची कय्युमला मिळणार, हे तात्यासाहेबांनीच मॅनेजरसाहेबांकडून कबूल करून घेतले होते. कय्युमच्या बायकोने, जहांआराने, ही बातमी सिल्लोडला माहेरी कळवूनसुद्धा टाकली होती. म्हणजे आता मागे फिरायला वाट उरलेली नव्हती.

वाद विकोपाला गेला तो एका शुक्रवारी.

"बरं, आला बॉम्ब," कय्युम म्हणाला. "मंग आपन काय करनार? तुम्ही भोंगा वाजवनार. आन् लोकं? वर बघनार बी नाहीत. डबा उचलतील आन् घरी जातील."

"शिस्त लावली तर बघतील."

"नाय बघनार."

"पासष्टच्या युद्धात आम्हाला नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण मिळालं होतं, कय्युम. इशारा झाला की उघड्यावर यायचं, आकाशाकडे पाहायचं, दिशा ओळखायची आणि पालथं झोपायचं. माणसाला एकदा नीट शिकवलं, की तो विसरत नाही."

"मंग शिकवून बघा की!"

कय्युम हे सहज बोलून गेला होता. पण तात्यासाहेबांच्या बाबतीत सहज बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आराखडा होऊन समोर येई.

आराखड्यात एकच अडचण होती आणि ती तात्यासाहेबांनी आधीच हेरली होती. नामांतराच्या आंदोलनाची धग शहरात होती, तेव्हापासून कारखान्यात एक रीत पडलेली होती. शहरात काही बिनसल्याची बातमी आली, की रस्ते अडायच्या आत माणसे घरी पोहोचावीत म्हणून अवेळी तीन तुटक भोंगे देत. तीन भोंगे म्हणजे हातातले काम ठेवा आणि घर गाठा. ही रीत आजूबाजूच्या कारखान्यांनाही इतकी सवयीची झाली होती, की तेही याच भोंग्यावर सुट्टी देत. म्हणून तात्यासाहेबांनी बॉम्बच्या इशाऱ्यासाठी पाच भोंगे ठरवले. तीन आणि पाच यांत गोंधळ होण्याचा संभव नव्हता. त्यांनी प्रत्येक खात्याच्या मुकादमाला स्वतः भेटून हे समजावले आणि प्रत्येक मुकादमाने, तात्यासाहेब काही सांगत असले की जशी मान हलवायची असते, तशी ती हलवली.

"मॅनेजरसाहेब मुंबईला गेलेत," कय्युम म्हणाला. "येऊ द्या की त्येंना."

"सुरक्षा माझ्या अखत्यारीत येते."

"मंग साखळी तुम्ही वढता का मी?"

"तू. मी मैदानात उभा राहून निरीक्षण करणार."

सोमवारी सकाळी, चहा आटोपल्यावर, तात्यासाहेब कारखान्याच्या मधल्या मैदानात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हातरुमाल हलवला. कय्युमने भोंग्याची साखळी ओढली.

पहिल्या भोंग्याला यंत्रांवरची माणसे थबकली. दुसऱ्याला त्यांनी एकमेकांकडे पाहिले. तिसऱ्याला यंत्रे बंद झाली. चौथा भोंगा वाजला तेव्हा रंगखाते डबे घेऊन दाराबाहेर पडले होते आणि सोनाजीने गेट सताड उघडले होते. तिसऱ्या भोंग्यानंतर थांबून मोजत राहायचे, ही कल्पना तात्यासाहेबांखेरीज कोणाच्याही डोक्यात शिरलेली नव्हती.

"थांबा! अजून व्हायचेत!" तात्यासाहेब दोन्ही हात पसरून ओरडले. "वर बघा! आकाशाकडे!"

"तात्यासाहेब, तुम्हीबी निघा!" रंगखात्याचा मुकादम कडुबा सायकलवर टांग टाकत म्हणाला. "बसा मागं डबलसीट. मुकुंदवाडीला सोडतो."

पाचवा भोंगा झाला तेव्हा मैदानात तात्यासाहेब एकटेच उरले होते.

यानंतर जे घडले ते इतक्या शिस्तीने घडले, की तात्यासाहेबांना दुसऱ्या कोणत्याही प्रसंगी त्याचे कौतुक वाटले असते. शेजारच्या कारखान्यांनी भोंगा ऐकून आपापली माणसे सोडली. इतकी माणसे अवेळी सायकलींवरून येताना पाहून जालना रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांनी भट्ट्या विझवल्या. हॉटेले मिटलेली पाहून बसस्थानकातल्या कंडक्टरांनी बिडकीनची गाडी फलाटावरच थोपवली. गाडी सुटत नाही म्हटल्यावर गुलमंडीवर शटर खाली यायला लागली. शटरचा आवाज ऐकून शाळांनी मुलांना घरी पाठवले. काय झाले ते विचारायला पोलिसांची गाडी निघाली, आणि पोलिसांची गाडी पाहून उरलेली दुकानेही बंद झाली. दुपारपर्यंत सारे शहर चिडीचूप झाले होते. कोणी दगड मारला नव्हता, कोणी घोषणा दिली नव्हती. संध्याकाळी परस्परांच्या कट्टर विरोधातल्या दोन संघटनांनी कडकडीत बंद पाळल्याबद्दल जनतेचे आभार मानले.

तात्यासाहेब पायी घरी आले. कस्तुराबाई, त्यांची पत्नी, ताट वाढून बसली होती.

"आज लवकर सुटलात ना? भोंगा ऐकला आन् लगेच भाकरी टाकली."

"तू तरी वर पाहिलंस का?" तात्यासाहेबांनी खोल आवाजात विचारले.

"पाहिलं की."

तात्यासाहेबांचे डोळे चमकले. "कधी? पाचव्या भोंग्याला?"

"भोंग्याचं काय मला ठाऊक नाय. गच्चीवर पापड घातले होते, कावळा आला होता."

मॅनेजरसाहेब मुंबईहून परतले ते वरच्या लोकांची बोलणी खाऊनच. अर्ध्या वसाहतीचा दिवस बुडाला होता आणि भोंगा आपल्या कारखान्याचा होता. त्यांनी आधी सोनाजीला बोलावले. सोनाजी भाबडा माणूस. विचारले तेवढे त्याने सांगितले. साखळी कोणी ओढली? कय्युमभाईंनी. बॉम्बबद्दल काही बोलणे झाले होते? रोजच व्हायचे, साहेब. कय्युमभाई काय म्हणायचे? त्यांच्या बॉम्बाला काय भ्यायचे, म्हणायचे. लई हसवायचे.

हे हसणे मॅनेजरसाहेबांच्या खोलीपर्यंत पोहोचले तेव्हा त्यातला विनोद वाटेतच गळून गेला होता. बातमी कानावर येताच तात्यासाहेब तडक तिथे गेले.

"साहेब, हुकूम माझा होता. कय्युमने फक्त साखळी ओढली. तोही आधी नको म्हणत होता."

मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला. "तात्यासाहेब, तुमचा भोंगा इतक्या वर्षांत अर्ध्या मिनिटाने चुकलेला नाही. आणि तुम्ही म्हणता, तुम्ही सगळं शहर बंद पाडलंत?"

"होय."

"कशासाठी?"

"लोक वर पाहतात की नाही, हे पाहण्यासाठी."

मॅनेजरसाहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांचा आवाज भरून आला. "हाताखालच्या माणसासाठी इतकं अंगावर घेणारा माणूस मी पाहिला नाही. पण असली न पटणारी कारणं देऊ नका. तुम्हाला ती शोभत नाहीत."

तात्यासाहेबांनी सारा घटनाक्रम पहिल्यापासून मांडला. मुकादमांची साक्ष काढली. मुकादमांना पाच भोंग्यांचे काही आठवेना. कडुबाने तर, तात्यासाहेब मैदानात उभे राहून लोकांना थांबवत होते, हे शपथेवर सांगितले. पुरावा जितका भक्कम होई, तितके तात्यासाहेब थोर ठरत आणि कय्युम दोषी.

"मी कोणाच्या जातीधर्माबद्दल बोलत नाही हं," मॅनेजरसाहेब शेवटी हळू आवाजात म्हणाले. "पण सध्याचं वातावरण बघा. जो माणूस बॉम्बला हसतो, त्याच्याच हातून बॉम्बचा भोंगा वाजतो. वर काय सांगू मी?"

कय्युमची बदली बिडकीनच्या कापडाच्या गोदामावर झाली. तिथे बॉयलर नव्हता आणि देखरेखीची खुर्चीही नव्हती. आता तात्यासाहेबांच्या जागी बसवायला माणूसच उरला नाही, म्हणून त्यांची नोकरी वर्षभर वाढवण्यात आली. त्याच शनिवारी कामगारांसमोर मोठ्या मनाचे वरिष्ठ म्हणून त्यांना शाल देण्यात आली. शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या कय्युमनेही टाळ्या वाजवल्या. तात्यासाहेबांनी शाल खांद्यावर घेतली, तेव्हा तिचे वजन त्यांना पेलवत नव्हते.

रविवारी सकाळी ते पडेगावला कय्युमच्या घरी गेले. कय्युम अंगणात जुनी लूना आडवी करून तिची साखळी घट्ट करत होता. बिडकीनचा रस्ता लांबचा होता. जहांआराने दारातून पाहिले, डोक्यावरचा पदर सावरला, "आओ भाईसाब" म्हणाली आणि लगेच चहा ठेवायला आत गेली. एरवी ती सिल्लोडच्या साऱ्या नातलगांची खुशाली सांगितल्याखेरीज आत जात नसे.

"कय्युम, मी साहेबांना चारदा सांगितलं रे."

"ठावं हाय मला. जितक्यांदा सांगितलं तितकं माझं बिघडलं. आता आनखी एकदा नका जाऊ."

"जाणार. उद्याच जाणार."

"गेलात तर मला बिडकीनहून पार पैठणला पाठवतील." कय्युम हसला, पण ते जुने हसू नव्हते. "ऱ्हाऊ द्या. गोदामात सावली हाय. वाफ नाय का भोंगा नाय."

तात्यासाहेब ओट्यावर टेकले. मग ते म्हणाले, "वाद तू जिंकलास. तुझं तंतोतंत खरं ठरलं. एवढ्या मोठ्या शहरात एकाही माणसाने वर पाहिलं नाही."

"एकानं बघितलं की," कय्युम म्हणाला.

"कोणी?"

"मी." त्याने हाताचे तेल चिंधीला पुसले. "पाचवा भोंगा दिला, साखळी सोडली आन् मागल्या दारानं भाईर आलो. उभा राहिलो वर बघत. लई वेळ. मान दुखाया लागली तवा आत गेलो."

"पण तुझा तर विश्वास नव्हता!"

"अजून बी नाय. पन इतक्या वर्षांत तुम्ही म्हनलात आन् तसं झालं नाय, आसं कदी घडलंय का? म्हनलं, तात्यासाहेब म्हनतायत तर बघून घ्यावं."

जहांआराने चहा आणून मध्ये ठेवला. कय्युम पुन्हा लूनावर वाकला. तात्यासाहेब गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहत बसून राहिले, आणि चहा निवून गेला तरी त्यांची मान वर झाली नाही.