रोहे मुक्कामी विहिरीत कॅमेरा उतरविला त्याची कैफियत

श्री गजानन प्रसन्न. पेण कसबा, जेथे बारमाही मूर्ती घडतात आणि देव अंगावर रंग चढण्याची वाट पाहत रांगेने उभे असतात, तेथील मंडळींनी रोहे प्रांती जी मोहीम केली, तिची हकिकत सोयऱ्याधायऱ्यांनी आपापल्या परीने वाढवून सांगितली. सबब खरे तेवढे राहावे, घडले ते गाळू नये आणि न घडले ते घालू नये, ऐशा नेमाने ही कैफियत लिहिली आहे. वाचणारांनी स्वस्थ चित्ते वाचावी.

मोहिमेचे कारण येणेप्रमाणे. रोह्याच्या वेशीबाहेर वाडीत एक जुनी दगडी विहीर, आणि तिचे मालक राजश्री दामोदरपंत, बँकेच्या चाकरीतून निवृत्त. पंतांनी नवी मोटार घेतली आणि ती उभी करण्यास सपाट जागा मिळेना, आणि नात ईरा सुट्टीत येते ती विहिरीत डोकावते, ऐशी दोन कारणे एक करून पंतांनी मसलत केली की विहिरीवर सिमेंटचा स्लॅब टाकावा, पंपाच्या पाइपापुरते भोक ठेवावे आणि वर मोटार लावावी. जितेश ठेकेदारास हुकूम गेला आणि सळया येऊन पडल्या.

हे वर्तमान पेणेस वत्सलाबाईंस कळले. बाई म्हणजे पंतांच्या थोरल्या भावजय, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. कोकणात पाणी निर्मळ राहावे म्हणोन विहिरीत कासव सोडण्याचा रिवाज आहे, त्याप्रमाणे नव्या नवरी असता त्यांनी या विहिरीत स्वहस्ते कासव सोडले होते. बाईंनी फोनवर कळविले की कासव आत आहे, वर छप्पर आल्यास उजेड जाईल, पाण्यात काही उगवणार नाही, मग त्याने खावे काय आणि पाहावे काय?

पंतांनी उत्तर केले, "वहिनी, ते कधीच गेलं असेल. मी रोज काठावर खुर्ची टाकून बसतो. मला कसं दिसत नाही?"

येथे नमूद करणे जरूर की पंतांस खोकल्याची खोड फार, आणि कासव हे जनावर सावली पडताच व धक्का जाणवताच बुडी मारते. म्हणोन पंतांस कासव दिसले नाही यावरून पंतांस ते दिसले नाही इतकेच सिद्ध होते. परंतु घरात हलक्या आवाजात बोलणे सुरू जाहले की वहिनींचे अलीकडे विसरणे वाढले, नाही ते आठवते. ते बाईंच्या कानी आले आणि कासवाच्या काळजीहून ते अधिक लागले.

मग उभयपक्षी करार ठरला. स्लॅब पडण्याआधी कासव दाखवावे, दाखविल्यास स्लॅब रद्द. न दाखविल्यास वहिनींनी पुन्हा त्याचे नाव काढू नये.

पाण्याखाली पाहणे तर पाण्याखाली जाणारा डोळा हवा. बाईंचे चिरंजीव निमिषराव यांनी यंत्रांची पाहणी आरंभिली आणि ज्या कॅमेऱ्याने लोक विमानातून उड्या मारताना चित्रण करतात तो सर्वांत बलाढ्य म्हणोन पसंत केला. बाईंच्या सूनबाई हेमांगी, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवितात, त्यांनी विचारले, "आपण उडी मारणार आहोत का?"

"नाही."

"मग विहिरीचं बोल."

आणि त्यांनी निवाडा दिला, की विहिरीत उजेड थोडा, सबब मेगापिक्सेलचे मोठे आकडे तेथे कामाचे नाहीत, थोड्या उजेडात ज्याचे चित्र स्वच्छ येते तो घ्यावा. रुंद भिंग जवळचेही दूर दाखविते, सबब कासवानेच जवळ यावे ऐशी तजवीज करावी. बॅटरी बदलता यावी. आणि कॅमेरा स्वतः पाणी सोसणारा असला तरी वरून वॉटरप्रूफ केस घालावी, कारण एका तटाच्या भरवशावर किल्ला ठेवू नये. त्याप्रमाणे गेल्या वर्षीचा एक छोटा ॲक्शन कॅमेरा आला, काडेपेटीहून थोडा थोर. मग हेमांगीबाईंनी रिकाम्या केसमध्ये कोरडा कागद घालून ती बादलीत बुडवून ठेवली, कागद कोरडाच निघाला, आणि कूच करण्याचा हुकूम जाहला.

पेणेहून आगगाडीने कासू, नागोठणे मागे टाकीत फौज रोह्यास दाखल जाहली. वाडीची राखण विमलबाईंकडे. त्या नारळ आणि तबक घेऊन सामोऱ्या आल्या. हेमांगीबाई पलीकडे दोरीच्या गाठी सोडवीत होत्या आणि निमिषराव उघडी केस तळहातावर घेऊन उभे होते.

"नवी वस्तू अशीच पान्यात सोडतांव व्हय? थांब रे बाबा, येवढी घाई नको," म्हणोन विमलबाईंनी कॅमेऱ्यास हळद लावली, कुंकू लावले, अक्षता टाकल्या आणि निमिषरावांनी भक्तिभावाने नमस्कार करून केस बंद केली. ती टक् करून मिटली, म्हणोन कोणास संशय आला नाही.

मग दोरीने कॅमेरा उतरविला, आणि दोरीचा पीळ सुटला तैसा तो गरगर फिरला, आणि वर काढून पाहता केसमध्ये तांबडे पाणी. पाण्यात शिरता तांबडा रंग सर्वांआधी शरण जातो आणि हिरवा-निळा शेवटपर्यंत लढतो, हा निसर्गाचा कायदा आहे. येथे तांबडा एकटाच रणांगणी उरला. निमिषरावांच्या लॅपटॉपवर आधी विहिरीची भिंत फिरली, मग लाल धुके, मग काही नाही.

पंत म्हणाले, "वहिनी, कासव नाही, पण हळदीकुंकू झकास झालं." आणि हसले, आणि हसता हसता खोकले. जितेश उद्या सकाळी माल घेऊन येतो, हेही त्यांनी जाहीर केले.

वत्सलाबाई ओटीवर जाऊन विहिरीकडे पाठ करून बसल्या.

हेमांगीबाईंनी केस उजेडात धरून काठाचा रबरी वायसर बोटाने तपासला. एके जागी अक्षतेचा दाणा चेपून बसला होता. वायसराखाली डोक्याचा केस अडकला तरी पाणी वाट काढते, हा तर अख्खा तांदूळ. आतला कॅमेरा मात्र सुखरूप, दुसऱ्या तटाने राखला.

विमलबाईंस दाणा दाखविला. त्या म्हणाल्या, "माज्या येका तांदळानं आख्खी विहीर आत घेतलीन? चल! पन पूजा नाय केली तर यश नाय, सांगून ठेवते गो."

यावर तह जाहला की पूजा कॅमेरा आला त्या खोक्याची करावी, मोहीम कॅमेऱ्याने करावी. विमलबाईंनी रिकाम्या खोक्यास यथासांग हळदीकुंकू वाहिले आणि उभयपक्षी समाधान जाहले.

दुसरे दिवशी सकाळी नवी व्यूहरचना. दोरी बाद, आंबे काढण्याच्या लांब बांबूस कॅमेरा घट्ट बांधला आणि शेजारी वरवंटा बांधला, म्हणजे फिरणे नाही. इतक्यात वत्सलाबाई ओटीवरून उठून आल्या आणि आज्ञा केली, की सुका जवळा, म्हणजे वाळविलेली बारीक कोळंबी, फडक्यात बांधून कॅमेऱ्यापुढे लोंबत सोडावा, आपण नव्या नवरी असता सासूबाईंची नजर चुकवून हेच घालीत होतो. बाईंस नाही ते आठवते म्हणणारे सर्व तेथे हजर होते. विमलबाईंनी जवळा आणला.

बांबू विहिरीच्या पायरीस बांधून कॅमेरा पाण्यात ठेविला. मग हेमांगीबाईंचे फर्मान सुटले, की गाळ खाली बसेतो आणि बॅटरी संपेतो कोणी काठावर जाऊ नये, सावली पाडू नये, पाय आपटू नये, खोकू नये.

"माझ्याच विहिरीवर मला खोकायची बंदी?"

"विहिरीवरच नाही काका, ओटीवरसुद्धा."

पंतांनी तोंडात खडीसाखर धरली.

त्या समयी जितेश मिक्सर घेऊन फाटकात उभा राहिला. फर्मान न कळल्यामुळे त्याने स्लॅबच्या बैठकीसाठी काठावर द्यावयाच्या थराचा माल बाहेरच कालविला आणि ओरडून विचारले, "साहेब, ओतू का? सिमेंट वाट बघत नाय!" पंतांनी दोन्ही हात वर करून त्यास गप्प केले, आणि खोकला आला तो तसाच गिळला, हे त्यांच्या शौर्यात लिहिणे योग्य आहे.

कॅमेरा वर आला. केस कोरडी. सर्व मंडळी लॅपटॉपभोवती जमली. प्रथम गढूळ, मग गाळ बसत गेला तैसा हिरवा उजेड, मग दगडी चिरे, मग बारीक मासोळ्या जवळ्यास टोचून पळाल्या. बराच काळ याहून काही घडले नाही. निमिषराव चित्रण पुढे ढकलू लागले, तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरिला.

"असू दे. मला आहे वेळ."

मग कोपऱ्यातील एक दगड हलला. तो दगड चार पायांनी पोहत आला आणि मान लांब करून जवळ्यास तोंड घातले, आणि भिंग रुंद असल्याने आधी नाक पडदाभर जाहले, मग एक डोळा, सुरकुत्यांच्या वेढ्यात, काही घाई नसलेला. तो डोळा सर्वांकडे पाहत राहिला. पाठ वळली तेव्हा कवचावर शेवाळाची गादी दिसली.

"अगो बाय!" विमलबाई इतकेच बोलल्या.

पंतांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. ज्या वहिनींस आठवत नाही म्हणोन बोलणे जाहले होते त्यांच्याकडे पाहणे त्यांच्याने झाले नाही. वत्सलाबाईंनी पडद्यावर हळूच बोट ठेविले. "म्हातारं झालंय गो," त्या हेमांगीबाईंस म्हणाल्या.

फाटकातून जितेशने निर्वाणीचे विचारले, "साहेब, माल घट्ट होतोय! काय करू?"

पंत उठून उभे राहिले आणि हुकूम केला, "खाली वडीलधारं माणूस राहतंय. त्याच्या डोक्यावर मोटार लावू का रे?"

जितेशने विहिरीत वाकून पाहिले, कोण राहते ते त्यास उमगले नाही, परंतु हुकूम हुकूम होता. कालविलेला माल विमलबाईंच्या दारी नेऊन ओतला आणि त्यांस कपडे धुण्याचा पक्का ओटा जाहला, तो लूट म्हणोन त्यांजकडे राहिला. आलेल्या सळयांची जाळी वळविली आणि ईराच्या सुरक्षिततेस विहिरीवर बसविली. मोटार उन्हात उभी राहिली. वत्सलाबाईंचे म्हणणे खरे, ऐसे पंतांनी सर्वांसमक्ष तीन वेळा उच्चारिले, पैकी पहिल्या दोन वेळा खोकल्यामुळे नीट ऐकू आले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. विहिरीवर जाळी आहे आणि जाळीवर आभाळ आहे. लिहिणे जाहले ते खरे.