साळवे सर आणि आरगॉनचं दुसरं अक्षर

साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिडीवर. दौंडच्या बाजारात सहकारी सोसायटीच्या पाटीवर इंग्रजीत CO-OP असं ठळक रंगवलेलं होतं आणि कोट-टोपीतला एक किडकिडीत माणूस त्यातला पहिला O खरवडून लहान करत होता. सोसायटीचे चेअरमन आबा खाली शिडी धरून उभे होते, कारण ती हलत होती आणि माणूस पडला असता तर बोल त्यांनाच लागला असता.

"दोन्ही अक्षरं थोरली लिहिली की कार्बन मोनॉक्साइड होतो, आबा. बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर माणसं मरतात, तो वायू. दुसरं धाकटं केलं की कोबाल्ट. साधा धातू."

"सर, आमी हितं पेंड इकतो," आबा म्हणाले.

त्याच आठवड्यात मी तिथल्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून रुजू झालो. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दोनेक वर्षं होती. विज्ञान शिकवणारे साळवे सर केडगावहून रोज रेल्वेनं यायचे. लग्न केलेलं नव्हतं. 'पहिलं थोरलं, दुसरं धाकटं' हे त्यांचं पालुपद. मूलद्रव्याच्या चिन्हात पहिलं अक्षर मोठं, दुसरं लहान, एवढाच त्याचा अर्थ. पण सर ते जेवणाच्या पंगतीतही म्हणायचे.

चिन्हं कशी ठरतात हे ते मधल्या सुट्टीत मला समजावून सांगत. C कार्बननं आधी पटकावला, म्हणून कॅल्शियम, क्लोरीन, कोबाल्ट यांना आपापल्या नावातलं आणखी एक अक्षर जोडून घ्यावं लागलं. मी विचारलं, मग सोडियमचं Na कुठून आलं? सर म्हणाले, "ते माहेरचं नाव. लॅटिनमध्ये नेट्रियम. सासरी सोडियम म्हणतात, पण सही माहेरची करतो." लोखंड आणि सोनंही त्यातलीच, असं त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं, जणू त्यांची घरची भानगड बाहेर फुटायला नको.

एकदा हजेरीपत्रकावर तीन शिक्षक नुसता P करून सही करतात, असा घोळ निघाला. हेडमास्तर पवार, ड्रिलचे पाटील आणि मी, पोतदार. निवाडा अर्थातच साळवे सरांकडे गेला. P हेडमास्तरांना मिळाला. पाटलांना Pa सुचवलं होतं, पण Pt म्हणजे प्लॅटिनम आणि ते सोन्याहून महाग, हे कळल्यावर त्यांनी ते हट्टानं मागून घेतलं आणि महिनाभर छाती काढून हिंडले. मला Po आलं. ते पोलोनियमचं निघालं. त्यातून घातक किरण बाहेर पडतात म्हणे. सरांनी माझी मनापासून माफी मागितली आणि आठवडाभर माझ्यापासून दोन खुर्च्या लांब बसले.

मग पुण्याहून शाळेला मूलद्रव्यांचा नवा तक्ता आला. त्यात आरगॉनपुढं Ar छापलं होतं. सरांनी जन्मभर आरगॉनचं चिन्ह नुसतं A असं शिकवलं होतं. छापखान्याची चूक म्हणून ते तक्ता काखेत मारून पुण्याला गेले. तिथल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी सांगितलं की चूक नाही, जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी मिळून चिन्ह बदललं आहे.

त्यानंतर सर दोन दिवस शाळेत आले नाहीत. असं कधी झालं नव्हतं. घरात काहीतरी बरंवाईट घडलं असणार, असं धरून हेडमास्तर, पाटील आणि मी केडगावला गेलो. सर अंधाऱ्या खोलीत दाढी न करता बसले होते. हेडमास्तरांनी हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"A गेला," सर म्हणाले.

पाटलांनी टोपी काढली. "वय काय होतं?"

निघताना सरांनी मला मागं थांबवून घेतलं आणि रविवारी आपल्याबरोबर वढू बुद्रुकला याल का, असं विचारलं. चर्चमधली रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नव्हती. म्हणाले, आधी तिची क्षमा मागायची, मग देवाची.

ती कोण, हे एसटीत बसल्यावर कळलं. मुलांनी चिन्हांमध्ये केलेली प्रत्येक चूक सर नावासकट एका वहीत उतरवून ठेवत. त्यात नऊ वर्षांपूर्वीची एक नोंद होती. यमुना, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची मुलगी, दहावी. आरगॉनचं चिन्ह तिनं Ar लिहिलं होतं. सरांनी एक गुण कापला. तिला चौतीस पडले, पासाला पस्तीस लागत. नापास झाली म्हणून बापानं त्याच उन्हाळ्यात वढूला तिचं लग्न लावून दिलं.

शिरूरला गाडी बदलून आम्ही कोरेगावला उतरलो आणि पुढं चालत गेलो. यमुनाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सरांना पाहून त्या घाईनं उठल्या. सर बसले नाहीत. वर्गात उत्तर द्यायला उभं राहावं तसे उभे राहून म्हणाले, "यमुनाबाई, तुमचं उत्तर बरोबर होतं. मी चुकीचं कापलं."

कसलं उत्तर, हे त्यांना समजावून सांगावं लागलं. मग त्या हसल्या. "आवो सर, मला कुठं येत हुतं? नावातली पयली दोन अक्षरं लिवली आन् दिली ठोकून."

"त्या शास्त्रज्ञांनीही तेच केलंय," सर म्हणाले.

यमुनाबाईंचं हसू थांबलं. हातातल्या शेंगा त्यांनी सुपात ठेवल्या. "म्हंजी सर, मी पास?"

"पस्तीस," सर म्हणाले. "पास."

मग परसात नवरा बैलांना पाणी पाजत होता, त्याला तिथूनच हाक मारून म्हणाल्या, "ऐकलं का? मी धावी पास झाले."

"कवा?"

"आत्ता."

त्यानं बादली खाली ठेवली, अंमळ विचार केला आणि म्हणाला, "बरं झालं. मग गूळ वाट की सगळ्यास्नी."

गूळ आला. जेवणही झालं, आग्रहाचं. परत निघाल्यावर मी पाहिलं, सरांनी आपला गुळाचा खडा खाल्ला नव्हता. रुमालात नीट बांधून कोटाच्या खिशात ठेवला होता. त्यांच्या खोलीवर दुसरं कोणी नसतं हे मला माहीत होतं, तरी मी विचारलं, हा कोणासाठी?

सरांनी कोटाचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "पोतदार, निकाल लागला की घरी काहीतरी गोड न्यायचं असतं. आमच्याकडं अजून कोणाचा निकाल लागला नव्हता. आज लागला."